शेताच्या बांधापर्यंत आलेले सरकार : वसंतराव नाईक यांची राजकीय कारकीर्द

वसंतराव फुलसिंग नाईक हे ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि हा विक्रम अद्याप कोणाला मोडता आलेला नाही. त्यांच्या कारकिर्दीचे खरे महत्त्व मात्र या कालावधीच्या लांबीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत आहे. पावसाच्या भरवशावर शेती करणारा शेतकरी आणि त्याच्या शेतात राबणारा मजूर यांच्यासाठी राज्यसंस्थेने नेमके काय करावे आणि कोठवर जावे, या प्रश्नाला त्यांच्या सरकारने जी उत्तरे दिली ती भारतातील अन्य राज्यांच्या मानाने धाडसी होती. त्यांतील काही टिकली, काही कोसळली आणि एक तर पुढे देशभराचा कायदा बनली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातून आलेल्या या नेत्याच्या राजकारणाचे मूल्यमापन करताना या उत्तरांकडेच पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

नाईक ज्या पक्षात वाढले त्या काँग्रेसने जानेवारी १९५५ मध्ये आवडी येथील अधिवेशनात ‘समाजवादी धर्तीची समाजरचना’ हे आपले ध्येय म्हणून स्वीकारले होते. जमीन, कारखाने आणि व्यापार यांतील खासगी मालकी मोडून न काढता, कर, कायदे, सहकार आणि सरकारी गुंतवणूक यांच्या बळावर दुर्बलांच्या बाजूने हस्तक्षेप करणारे राजकारण, असा याचा व्यवहारातला अर्थ होता आणि राज्यशास्त्रात अशा भूमिकेला मध्यम-डावी म्हणतात. युरोपात अशा राजकारणाचा आधार प्रामुख्याने कामगार संघटना हा होता, महाराष्ट्रात तो शेतकरी आणि सहकारी संस्था हा झाला. तरीही दूरच्या उदाहरणांशी काही साम्ये दिसतात. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे टॉम जॉन्स्टन हे १९४१ ते १९४५ या युद्धकाळात स्कॉटलंडचा कारभार पाहणारे मंत्री होते आणि त्यांच्या पुढाकाराने १९४३ साली स्थापन झालेल्या जलविद्युत मंडळाने स्कॉटलंडच्या उत्तरेकडील दुर्गम डोंगराळ भागात वीज पोहोचवली. स्वतंत्र प्रादेशिक पक्ष न काढता, देशव्यापी पक्षात राहूनच आपल्या मागे पडलेल्या प्रदेशासाठी सरकारी यंत्रणा उभारणे ही जॉन्स्टन यांची रीत होती आणि नाईकांचीही तीच होती.

नाईकांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी गहुली या पुसद तालुक्यातील गावी बंजारा कुटुंबात झाला. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर वाहतूक करणारा हा समाज रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर आपल्या व्यवसायाला मुकला, त्यातील अनेक गट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली भरडले गेले आणि उरलेले लोक डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनी कसत तांड्यांमध्ये स्थिरावले. तांडा म्हणजे गावापासून काहीशी वेगळी अशी बंजारा वस्ती, आणि नायक म्हणजे तिचा प्रमुख, जो तंटे मिटवतो, सरकारी अंमलदारांशी बोलतो आणि तांड्याची बाजू मांडतो. नाईकांच्या घराण्याकडे असे नायकपण होते व त्यांचे आडनावही त्यातूनच आले. सर्वांना बोलू द्यावे, घाई न करता शेवटी निर्णय द्यावा, ही मुख्यमंत्री म्हणून त्यांची जी शैली पुढे अनेकांनी वर्णिली तिचे मूळ या पार्श्वभूमीत शोधणे अवास्तव ठरणार नाही.

नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये आणि मॉरिस कॉलेजात शिकून १९३८ मध्ये ते बी.ए. झाले आणि १९४० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. हेच मॉरिस कॉलेज आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी शासकीय संस्था आहे. १९४१ साली नागपूरच्या वत्सला घाटे या ब्राह्मण कुटुंबातील तरुणीशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी अशा आंतरजातीय विवाहाला दोन्ही बाजूंकडून विरोध होणे अपरिहार्यच होते. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे वकिलीची उमेदवारी केल्यावर त्यांनी पुसदला स्वतःची वकिली सुरू केली आणि कुळे, सावकार व जमिनीचे दावे यांचे व्यवहार जवळून पाहिले. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. म्हणजे स्वातंत्र्याच्या चळवळीतील तुरुंगवासापेक्षा वकिली, नगरपालिका आणि शेतकऱ्यांच्या संस्था या वाटेने ते राजकारणात आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते पुसदमधून तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता व त्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती, तर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला मराठी राज्यात येण्यासाठी काही आश्वासने दिली होती. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात सामील झाला. नाईक स्वतंत्र विदर्भाच्या मागणीत न रमता मराठी राज्याच्या बाजूने राहिले. द्विभाषिक राज्यात त्यांनी सहकार आणि नंतर कृषी खाते सांभाळले, आणि महाराष्ट्र स्थापन झाल्यावर ते महसूलमंत्री झाले. मंत्री असताना त्यांना मिळालेला ‘वर्षा’ हा बंगला त्यांनी मुख्यमंत्री झाल्यावरही सोडला नाही आणि त्यामुळे तोच पुढे मुख्यमंत्र्यांचे अधिकृत निवासस्थान ठरून गेला.

महसूलमंत्री म्हणून त्यांच्या हातून झालेले सर्वांत टिकाऊ काम पंचायत राज्याच्या रचनेचे होते. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली देशासाठी त्रिस्तरीय पंचायत राज्य सुचवले होते, ज्यात गटपातळीवरील पंचायत समितीला मुख्य स्थान होते आणि जिल्हा परिषद केवळ सल्ला देणारी होती. महाराष्ट्राने नाईकांच्या अध्यक्षतेखाली जून १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली आणि तिने १९६१ मध्ये दिलेल्या अहवालात हा क्रम उलटा केला. तालुक्याएवढ्या लहान क्षेत्राला तज्ज्ञ अधिकारी, पैसा आणि नियोजन यांचा भार पेलवणार नाही, म्हणून खरी सत्ता जिल्हा परिषदेला द्यावी, असा तिचा युक्तिवाद होता. समितीने आणखी दोन गोष्टी ठरवल्या, ज्या दिसायला तांत्रिक वाटल्या तरी त्यांचे राजकीय परिणाम मोठे झाले. एक म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला परिषदेच्या बाहेर ठेवून तिच्यासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळे पद निर्माण केले गेले, आणि दुसरी म्हणजे आमदार-खासदारांना परिषदेचे सदस्यत्व देण्यात आले नाही. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली, प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते आणि शेतीची विस्तारसेवा यांचा कारभार परिषदांकडे गेला आणि ग्रामीण भागात नेतृत्वाची एक सबंध नवी फळी उभी राहिली. त्या फळीत मोठ्या जमीनदार आणि संख्येने प्रबळ अशा जातींचा भरणा अधिक झाला, ही टीका खरी आहे. पण तोवर ज्यांना कलेक्टर कचेरीच्या ओसरीवर ताटकळावे लागे त्यांना जिल्ह्याच्या अर्थसंकल्पावर बोलण्याचा हक्क मिळाला, हेही तितकेच खरे आहे.

शेतजमिनीची कमाल धारणा ठरवणारा, म्हणजे एका कुटुंबाने जास्तीत जास्त किती जमीन बाळगावी याची मर्यादा घालणारा १९६१ चा कायदाही त्यांच्याच महसूलमंत्रिपदाच्या काळातला आहे. साखर कारखान्यांच्या ताब्यातील मोठी क्षेत्रे त्याच्या कक्षेत आली, पण मर्यादा बरीच उंच ठेवल्याने भूमिहीनांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. नाईकांच्या राजकारणाची मर्यादा इथेच दिसते. जमिनीच्या फेरवाटपापेक्षा उत्पादन वाढवण्यावर त्यांचा भर होता, आणि काँग्रेसची ग्रामीण ताकद ज्या जमीनधारकांवर उभी होती त्यांना दुखावण्याची त्यांची तयारी नव्हती.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, त्यांचे निधन झाले. पी. के. सावंत यांनी काही दिवस काळजीवाहू म्हणून पद सांभाळल्यावर नाईकांची निवड झाली. मराठा समाजाचे वर्चस्व असलेल्या पक्षात एका विमुक्त जातीतील, विदर्भातील नेत्याची निवड का झाली, याचे उत्तर सहसा असे दिले जाते की स्वतःचा मोठा गट नसल्यामुळे ते चव्हाणांना आणि परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या पश्चिम महाराष्ट्रातील नेत्यांनाही अडचणीचे वाटत नव्हते. शिवाय विदर्भ राज्यात राहावा यासाठी तिकडचा मुख्यमंत्री असणे सोयीचे होते. हे स्पष्टीकरण निवडीपुरते पटते, पण तडजोडीतून आलेला माणूस अकरा वर्षे कसा टिकला, हे त्यातून उलगडत नाही. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला २७० पैकी २०३ आणि १९७२ मध्ये २२२ जागा मिळाल्या, म्हणजे ज्या वर्षी अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली त्या १९६७ मध्येही महाराष्ट्र अढळ राहिला. त्याचे श्रेय केवळ चव्हाणांच्या सावलीला देता येणार नाही.

मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न धान्याचा होता. महाराष्ट्राची बहुतांश शेती कोरडवाहू, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून असलेली, असल्याने राज्य कायम तुटीचे होते आणि १९६५ नंतरच्या दोन दुष्काळी वर्षांत अमेरिकेच्या गव्हावर देश जगत होता. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या सभेत, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर आपल्याला फाशी द्यावी, असे ते म्हणाल्याचे आजही सांगितले जाते. राज्य काही स्वयंपूर्ण झाले नाही, आणि राजकीय पुढाऱ्यांच्या मुदतबंद प्रतिज्ञांचे सहसा जे होते तेच या प्रतिज्ञेचेही झाले. परंतु तिच्यामागची मोहीम खरी होती व तिचे मुख्य साधन संकरित बियाणे हे होते.

संकरित बियाणे म्हणजे दोन वेगळ्या गुणांच्या वाणांचा मुद्दाम संकर करून मिळवलेले बी, ज्याच्या पहिल्या पिढीत उत्पादनाचा जोम असतो, पण त्या पिकातून राखलेले बी पुढच्या वर्षी पेरले तर तो जोम उरत नाही. त्यामुळे शेतकऱ्याने कणगीतले बी पेरण्याऐवजी दर वर्षी पिशवी विकत घेणे भाग पडते. सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा देशातील पहिला संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाला, आणि त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांची कंपनी सुरू केली. सरकारने खते, कर्ज आणि कृषी विस्ताराची सारी यंत्रणा या वाणाच्या मागे उभी केली आणि विदर्भ-मराठवाड्यातील खरीप ज्वारीच्या शेतांत तो वेगाने पसरला. देशी ज्वारी पुरुषभर उंच वाढून उशिरा तयार होई, तर ही बुटकी ज्वारी लवकर कापणीला येई व एकरी दाणे कितीतरी अधिक देई. तिच्या अडचणी मात्र शेतकऱ्यांना पहिल्याच हंगामात कळल्या. धाट आखूड असल्याने कडबा कमी पडे, त्यामुळे बैलांचे हाल होत. परतीच्या पावसाआधीच कणीस पक्व होत असल्याने ते ओले होऊन दाण्यावर काळी बुरशी चढे, मग बाजारात भाव पडे. हायब्रीडच्या भाकरीला चव नाही, ही तक्रार तर घरोघरी होती. तरीही ज्या घरात पावसाळ्याच्या तोंडाला धान्य संपत असे तिथे तिने पोट भरले, आणि कोरडवाहू पिकातही उत्पादन वाढू शकते हा विश्वास त्यातून आला. हरितक्रांती म्हटली की पंजाबचा गहू आठवतो. पाणी नसलेल्या मुलखात ती करण्याचा प्रयत्न त्यामानाने फार कमी लिहिला गेला आहे.

या प्रयत्नाला शास्त्राचा आधार हवा म्हणून कृषी विद्यापीठे आली. १९६८ मध्ये राहुरीला विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा विदर्भात मोठे आंदोलन उसळले आणि १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबरावांच्या नावाने विद्यापीठ देणे सरकारला भाग पडले. १९७२ मध्ये परभणी आणि दापोली येथेही विद्यापीठे झाली. एका राज्यात चार कृषी विद्यापीठे हा प्रादेशिक मागण्यांच्या दडपणाचाही परिणाम होता, पण कोकणातला भात, मराठवाड्यातली तूर आणि विदर्भातला कापूस यांचे प्रश्न एकाच ठिकाणी सुटणारे नव्हते, त्यामुळे दडपणाखाली घेतलेला हा निर्णय शास्त्रीय दृष्ट्याही योग्य ठरला.

नाईकांच्या स्वतःच्या जिल्ह्याशी सर्वांत निकटचा संबंध असलेला निर्णय मात्र कापसाचा होता. यवतमाळची काळी जमीन हे कापसाचे आगर, आणि दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की शेतकऱ्याला पैशाची निकड असल्याने तो मिळेल त्या भावाला माल विकी. भाव ठरवणारे अडत्ये, जिनिंगवाले आणि मुंबईचे व्यापारी असत. १९७१ च्या कायद्याने राज्य सरकारने कच्च्या कापसाची सारी खरेदी, प्रक्रिया आणि विक्री स्वतःच्या हाती घेतली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ‘कापूस एकाधिकार खरेदी योजना’ सुरू झाली. एकाधिकार याचा अर्थ राज्यात शेतकऱ्याकडून कापूस घेण्याचा हक्क फक्त सरकारने नेमलेल्या सहकारी पणन संघाला, अन्य कोणालाही नाही. हंगामाआधी हमी भाव जाहीर होई, तो शेतकऱ्याला मिळे. मग कापूस पिंजून निघालेली रुई गाठी बांधून गिरण्यांना व सरकी तेलघाण्यांना विकली जाई, आणि सर्व खर्च वजा जाता नफा उरला तर त्यातला वाटा शेतकऱ्याला पुन्हा मिळे व काही भाग भावातील चढउतार सावरण्यासाठीच्या निधीत ठेवला जाई. देशात अन्य कोणत्याही राज्याने एका नगदी पिकाचा सबंध व्यापार अशा रीतीने हाती घेतला नव्हता.

कागदावर नीटनेटकी दिसणारी ही योजना संकलन केंद्रावर कशी चाले, हे पाहिल्याशिवाय तिचे यशापयश कळत नाही. हंगामात केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे आणि आपली पाळी येईपर्यंत शेतकरी गाडीखालीच रात्र काढी. आत ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा कर्मचारी, मूठभर कापूस हातात घेऊन धाग्याची लांबी, ओलावा आणि काडीकचरा पाहून दर्जा सांगे. त्याच्या एका शब्दावर क्विंटलमागे बराच फरक पडत असल्याने कुरबुरी, वशिला आणि लाच यांना तेथे जागा झाली. मालाचे पैसे, ज्याला सगळे चुकारा म्हणत, तो एकदम न मिळता हप्त्याने येई आणि सोसायटीचे पीककर्ज त्यातूनच कापून घेतले जाई. त्यामुळे पूर्वी व्यापाऱ्याकडून कमी भावात का होईना पण रोख रक्कम घेऊन घरी जाणारा शेतकरी आता जास्त भावाचा चुकारा मिळण्याची वाट पाहत बसे. राज्याच्या सीमा हा तर मोठाच पेच होता. यवतमाळच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेव्हाचा आंध्र प्रदेशचा आदिलाबाद जिल्हा लागतो, आणि तिकडे खुला बाजार असल्याने भाव चढला की इकडचा कापूस नदीपार जाई, भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. म्हणजे तेजीत नफा निसटे आणि मंदीत तोटा मात्र दुप्पट वाट्याला येई. एकाधिकार राज्यापुरताच आणि बाजार देशाचा, ही मूळ विसंगती योजनेच्या पायातच होती.

तरीही विदर्भातील शेतकऱ्यांनी ही योजना दीर्घकाळ उचलून धरली, कारण लहान कास्तकाराला घरात कापूस ठेवून भाव वाढण्याची वाट पाहता येत नसे आणि हमी भावामुळे निदान भावाचा तळ निश्चित झाला. सरकारे पुढे निवडणुकांच्या तोंडावर हमी भाव वाढवत गेली, योजनेचा तोटा फुगत गेला आणि २००२-०३ पासून खासगी खरेदीला मुभा देऊन एकाधिकार संपुष्टात आला. त्यानंतरच्या दशकात यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ओळखला जाऊ लागला. या दोन घटनांचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे होईल, कारण कर्ज, सिंचनाचा अभाव, महाग बियाणे आणि जागतिक भावातील घसरण अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली आहेत. नाईकांच्या योजनेचा एक दोष मात्र निश्चित सांगता येतो : तिने भावाची हमी दिली, पण शेताला पाणी दिले नाही, आणि एकरी पीकच कमी आले तर क्विंटलच्या हमीने घर चालत नाही.

पाण्याच्या या प्रश्नानेच त्यांच्या शेवटच्या कार्यकाळाची कसोटी पाहिली. १९७० नंतर अनेक जिल्ह्यांत पावसाने पाठ फिरवली आणि १९७२ चा दुष्काळ आजही जुन्या पिढीच्या बोलण्यात काळाची खूण म्हणून येतो. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, आणि लक्षावधी लोक खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते यांच्या कामावर गेले. मे १९७३ मध्ये अशा कामांवरची उपस्थिती ५० लाखांच्या जवळ पोहोचली होती. मुकादम हजेरी लावी, खणलेल्या मातीचे आणि फोडलेल्या दगडाचे मोजमाप होऊन त्यानुसार मजुरी ठरे, कामावरच्यांना सुकडी हे पौष्टिक पीठ मिळे आणि झोळीतली मुले झाडाखाली ठेवून बायका पुरुषांच्या बरोबरीने, पुष्कळदा त्यांच्याहून अधिक संख्येने, खपत. राज्याचे धान्योत्पादन कोसळले असूनही भूकबळींचे प्रमाण ज्या मर्यादेत राहिले त्याची दखल पुढे दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी आवर्जून घेतली, कारण सरकारने धान्य वाटण्याऐवजी ते विकत घेण्याची ऐपत लोकांच्या हाती दिली होती.

रोजगार हमी योजनेचा विचार मात्र दुष्काळाच्याही आधीचा होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीही १९७१ मध्ये दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांमार्फत रोजगाराची हमी सुचवली होती. नाईक सरकारने पागे यांच्या कल्पनेला १९७२ मध्ये योजनेचे रूप दिले. ही कल्पना पागे यांची होती हे सरकारी पातळीवर मान्य केले गेले, हेही नमूद करण्यासारखे आहे, कारण अशा बाबतीत श्रेय सहसा वरच्या खुर्चीकडे सरकते. नेहमीच्या मदतकार्यात सरकार दुष्काळ जाहीर करते आणि मग काम देते, तर हमी योजनेत काम मागणे हा प्रौढ ग्रामीण माणसाचा हक्क बनतो आणि ते न दिल्यास सरकार जबाबदार ठरते. या दोहोंतला फरक फार मोठा आहे.

दुष्काळाची ही कसोटी पार पडत असताना शहरांत मात्र वातावरण विरोधात चालले होते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरुद्ध काढलेले लाटणे मोर्चे मुंबईत गाजत होते. त्याआधीपासून डाव्यांचा नाईकांवर दुसरा एक गंभीर आक्षेप होता. जून १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेकडे सरकारने जाणूनबुजून कानाडोळा केला, कारण तिने गिरणगावातील कम्युनिस्ट संघटनांना खिळखिळे करणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे होते, असे ते म्हणत आणि तिला उपहासाने ‘वसंतसेना’ म्हणत. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. शेतकऱ्यांच्या बाबतीत बाजारावर अंकुश ठेवणारे सरकार शहरातल्या संघटित कामगारांच्या बाबतीत डाव्या बाजूला उभे राहिले नाही, आणि नाईकांना मध्यम-डावे म्हणताना हा अंतर्विरोध झाकता येत नाही.

त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातूनही त्यांना आव्हान मिळाले. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे हे फॉरवर्ड ब्लॉक या डाव्या पक्षाचे नेते, आक्रमक वक्ते आणि स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते होते. १९६४ साली सभागृहातील वर्तनाबद्दल विधानसभेने त्यांना निष्कासित केले आणि १९७१ मध्ये ते नागपूरमधून लोकसभेवर निवडून गेले. विदर्भाचा मुख्यमंत्री असूनही विदर्भ मागेच राहिला, हा धोट्यांचा मुद्दा सभांमध्ये टाळ्या घेई, आणि त्याला नाईकांपाशी आकडेवारीचे उत्तर असले तरी भावनेचे नव्हते. पाइप ओढत शांतपणे ऐकून घेणारा मुख्यमंत्री आणि सभा पेटवणारा विरोधक, अशी एकाच जिल्ह्याने दिलेली ही जोडी त्या काळाच्या राजकारणात उठून दिसते.

१९७४ मध्ये मराठवाड्यात विकासाच्या प्रश्नावर तीव्र आंदोलन झाले, विद्यार्थी रस्त्यावर आले आणि वसमत येथे पोलिसांनी गोळीबार केला. इंदिरा गांधींनाही राज्यांत दीर्घकाळ पाय रोवलेले मुख्यमंत्री नको होते आणि महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांचे बळ कमी करण्यात त्यांना रस होता, असे राजकीय अभ्यासक मानतात. फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईकांनी राजीनामा दिला आणि मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. नाईकांनी बंडाचा सूर लावला नाही. आणीबाणीनंतर, १९७७ च्या निवडणुकीत, काँग्रेसची देशभर वाताहत होत असताना ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. पुसदची जागा त्यांच्या घराण्याकडेच राहिली, त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि नायकपणाची परंपरा मतपेटीतून पुढच्या पिढ्यांकडे गेली, जे लोकशाही विकेंद्रीकरण समितीच्या अध्यक्षांच्या बाबतीत काहीसे विसंगत वाटते.

रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये, म्हणजे नाईक पायउतार झाल्यावर, सर्वपक्षीय पाठिंब्याने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्यासाठी १९७५ पासून शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारने घालायची असे ठरले, त्यामुळे मुंबईतील पगारदाराच्या खिशातून दरमहा कापली जाणारी रक्कम पुसद किंवा दारव्हा तालुक्यातील मजुराच्या मस्टरपर्यंत पोहोचू लागली. या कामांतून झालेले पाझर तलाव आणि विहिरी मजुरांपेक्षा जमीनवाल्यांच्या अधिक कामी आल्या, हजेरीपटांवर खोटी नावे चढली आणि नव्वदीनंतर कामेही रोडावली, पण काम मागण्याचा कायदेशीर हक्क कोणत्याही सरकारला काढून घेता आला नाही. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तेव्हा त्याच्या मसुद्यापुढे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.